जाणत्याचं पेव

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि त्याच्या राज्याची शीव कुठून कुठवर होती तेही कुणी सांगू शकत नाही. पण त्या राज्यातल्या एका गावाची आणि गावातल्या एका माणसाची आठवण अजून शिल्लक आहे, कारण त्याने केलेली चूक लोक अजून करतात. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा कान देऊन ऐकावी.

त्या गावात धान्य घरात ठेवत नसत, पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. मुरमाड, कोरडी जागा बघून पुरुषभर खोल खड्डा खणायचा. वर तोंड लहान आणि आत पोट मोठं. आतून तो शेणामातीने लिंपायचा, जाळ करून वाळवायचा, तळाला आणि कडेने कडब्याचा जाड थर द्यायचा आणि मग ज्वारी ओतायची. तोंडावर फरशी, फरशीवर माती. माती चोपून सारखी केली की वरून चालणाऱ्याला काही कळायचं नाही.

कोणे एके काळी त्या मुलखात लुटारूंच्या टोळ्या येत. घरातल्या बायकामुलांना धरून, मारून, भीती घालून त्या पेवाची जागा काढून घेत. म्हणून गावच्या पूर्वजांनी नियम केला, की पेवाची जागा फक्त घरच्या कर्त्या पुरुषाला ठाऊक असावी. ज्याला ठाऊकच नाही तो मार खाऊन तरी काय सांगणार? पीक निघालं की डोंगरावरच्या देवीची जत्रा भरायची. त्या दिवशी बायका, मुलं, म्हातारी माणसं सगळी डोंगरावर जायची आणि प्रत्येक घरात एकटा कर्ता मागे राहायचा. तोच पेव उघडायचा, भरायचा आणि बुजवायचा. बायका देवीचा अंगारा घेऊन परत येत, तेव्हा हे सगळे आंघोळी करून ओसरीवर साळसूदपणे बसलेले असत. जागा पुढच्याला सांगायची ती मरणाच्या वेळी, अशी रीत होती.

लुटारूंच्या टोळ्या राजाने केव्हाच मोडून काढल्या होत्या. गावातल्या कुणाच्या आजानेसुद्धा लुटारू पाहिलेला नव्हता. नियम मात्र तसाच चालू राहिला, कारण तो मोडावा असं एकाही पुरुषाला वाटलं नाही.

त्या गावात एक शेतकरी होता. साठी उलटलेला, अंगाने काटक, बोलायला मोजका. लोक त्याला जाणता म्हणत. साठवण करावी तर त्याने. लग्नकार्य असो की सण, आधी पेवाचा वाटा बाजूला निघायचा आणि उरलेल्यात घर चालायचं. त्याच्या पेवात भर पडली नाही असं एक वर्ष गेलं नव्हतं.

गावातलं नवं जोडपं वेगळी चूल मांडायला निघालं की आधी त्याच्या ओसरीवर यायचं. तो त्यांना बसवून घ्यायचा आणि सांगायचा, "बाबांनो, खायचं वेगळं, पेरायचं वेगळं आणि म्हातारपणाचं वेगळं. तिन्हींची सरमिसळ करायची नाही. पेरायचं खाल्लंत तर एक वर्ष रडाल. म्हातारपणाचं खाल्लंत तर मरेपर्यंत रडाल." पाहुण्यांसमोर मिरवायला पाच पक्वान्नं करणाऱ्याला तो तोंडावर बोलायचा. मुलीच्या लग्नात अख्खं पेव उपसून बसलेल्या एका बापाला त्याने चारचौघांत विचारलं होतं, "तुझी मुलगी सासरी जेवेल रे. तू कुठं जेवशील?" माणसं रागवायची, पण ऐकायची. त्याच्यामुळे गाव खाऊनपिऊन सुखी झालं होतं, आणि याचा त्याला अभिमान होता. तो अभिमान खोटा नव्हता, हे आपण मान्य करू.

इतरांची पेवं शेताच्या बांधाकडेला असत. याने आपलं पेव घरासमोरच्या खळ्यात केलं होतं. खळं म्हणजे मळणीची सारवलेली जागा. मधोमध लाकडाची मेढ रोवलेली असते आणि तिच्याभोवती बैल फिरतात. त्या मेढीच्या पायथ्याशी पेवाचं तोंड होतं. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्या दिवसांत त्याने ते एकट्याने खणलं आणि निघालेला मुरूम तिथेच पसरून चोपला. पुढे घरात कुणाला शंका येऊ नये म्हणून त्याने आणखी एक युक्ती केली. तो सगळ्यांना सांगू लागला, "खळं म्हणजे लक्ष्मीची बसायची जागा. तिथं पहार-कुदळ लावायची नाही. लावली तर घर बसतं." गावात दुसऱ्या कुणाकडे असली रीत नव्हती. ती त्याने आपल्या डोक्यातून काढलेली होती. त्याचा मुलगा मात्र ती ऐकतच मोठा झाला आणि सून घरात आली तेव्हा तिलाही त्याने ती शिकवली. मुलगा इतक्या भक्तीने खळ्यावरून अनवाणी चालायचा, की जाणत्याला मनातल्या मनात हसू यायचं.

त्याची बायको काही खुळी नव्हती. बाळंतपणाहून परत आल्यावर पहिल्याच हंगामात तिने विचारलं होतं, "आपलं पेव कुठं आहे?" त्याने "तुला कशाला?" म्हटलं, आणि तिने विषय सोडला. मधून मधून ती विचारत राहिली. तो हसून उडवून लावत राहिला.

एकदा गावातला एक कर्ता माणूस उधळलेल्या बैलाच्या शिंगाने जागच्या जागी गेला. तेराव्यानंतर त्याची विधवा जाणत्याच्या ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, "पेव कुठं आहे ते सांगून गेले नाहीत. बांध सगळे उकरून झाले. आता कुठं खणू?"

जाणता चुकचुकला. "असं कसं केलं त्यानं? या गोष्टी माणसानं धडधाकट असतानाच सांगून ठेवाव्यात. मरण काय निरोप धाडून येतं?" असं म्हणून त्याने तिला पायलीभर ज्वारी घालायला सांगितली.

ज्वारी घालताना बायकोने ते सगळं ऐकलं होतं. त्याच दिवशी जेवायला वाढताना ती समोर बसली आणि म्हणाली, "अहो, आपलं पेव कुठं आहे?"

"आहे तिथं आहे."

"मुलाला नका सांगू. सुनेला नका सांगू. मला एकटीला सांगा."

"कमी पडतंय का काही?"

"कमी पडत नाही, तोवरच विचारतेय. कमी पडायला लागल्यावर सांगायला तुम्ही असाल कशावरून?"

"मी काय आज मरतोय?" तो म्हणाला. "वेळ आली की सांगेन."

"वेळ आल्याचं तुम्हाला कोण सांगणार आहे?"

 त्याने आमटीची वाटी पुढे केली आणि तिने ती भरून दिली.

आता त्याच्या मनात काय होतं तेही सांगायला हवं. तो दुष्ट नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता. पण तिचा भाऊ गरीब होता, पदरी पाच-सहा पोरं, आणि हिचं मन मऊ. जागा कळली तर ही हळूच त्याला पोतं-दोन पोती पोचवील, अशी त्याला भीती होती. मुलाला सांगावं, तर त्याच्याच आळीतल्या एका म्हाताऱ्याचं उदाहरण डोळ्यांपुढे होतं. त्याने मुलांना पेव दाखवून दिलं, आणि महिना उलटायच्या आत त्याचं अंथरूण ओसरीवरून गोठ्यात गेलं. ही दोन्ही कारणं खरी होती. पण तिसरं एक कारण होतं, जे तो स्वतःलाही सांगत नसे. पेवाची जागा आपल्या एकट्याच्या पोटात आहे, म्हणून घर आपल्या तोंडाकडे बघतं, हे त्याला आवडायचं. बायकोने विचारावं आणि आपण हातचं राखून हसावं, यात त्याला गोडी लागली होती. इतक्या क्षुल्लक गोडीपायी माणूस काय काय पणाला लावतो, ते बघा.

एका सकाळी जाणता अंथरुणात जागा झाला आणि त्याला उठता येईना. उजवा हात आणि उजवा पाय लाकूड होऊन पडले होते. बायकोला हाक मारायला गेला, तर घशातून नुसती गुरगुर निघाली. वैद्य आला, नाडी पाहिली, तेल दिलं आणि बाहेर जाऊन मुलाला म्हणाला, "वारं गेलंय अंगावरून. जगतील, पण डोकं ठिकाणावर असेल असं धरून चालू नका."

जाणत्याने ते ऐकलं. त्याचं डोकं पूर्ण ठिकाणावर होतं. फक्त ते दुसऱ्याला कळायचा रस्ता बंद झाला होता. मान हलत नव्हती. डावा हात उचलायचा, पण थोडा वर जाऊन धपकन खाली पडायचा. डोळ्यांतून मात्र कशानेही पाणी यायचं. कुणी विचारलं "भूक लागली का," की पाणी. कुणी विचारलं "दुखतंय का," की पाणी.

बायकोला सगळ्यात आधी पेवच आठवलं. तिने त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं, "शेतात आहे का?" त्याचे डोळे भरून आले. "विहिरीपाशी आहे का?" पुन्हा डोळे भरून आले. "आंब्याखाली?" पाणी गालावरून उशीवर आलं. होय कुठलं आणि नाही कुठलं, तिला कळेना. तीही रडायला लागली.

मग जाणत्याने ठरवलं, की जेवढा हात उरलाय तेवढ्यानेच सांगायचं. त्याला ओसरीवर ठेवलेलं होतं, समोर खळं दिसत होतं. त्याने डावा हात सगळं बळ लावून उचलला, खळ्याकडे केला आणि बोट जमिनीकडे वळवलं. हात पडला. त्याने पुन्हा उचलला. पुन्हा बोट खळ्याकडे, मग खाली.

सून म्हणाली, "आई, बघा. मामंजी जमिनीकडे हात करतायत."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. शेवट जवळ आला की माणसाला अंथरुणावरून काढून जमिनीवर निजवतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ती मुलाला म्हणाली, "त्यांना खाली घ्यायला सांगतायत रे. खळ्यावर, लक्ष्मीच्या जागेवर जीव सोडायचाय त्यांना."

मुलाने आणि शेजाऱ्याने त्याला उचललं आणि खळ्यावर घोंगडी अंथरून निजवलं, अगदी मेढीला लागून. सुनेने तोंडात तुळशीचं पान ठेवलं, बायकोने पाणी घातलं. गाव गोळा झालं. ज्याला ज्याला त्याने सल्ला दिला होता तो प्रत्येकजण पाया पडून गेला. जाणता आपल्या ज्वारीवर पाठ टेकून पडला होता. तो डाव्या हाताने जमीन थापटत राहिला, थापटत राहिला.

"धरणीमातेला नमस्कार करतायत," कुणीतरी म्हणालं, आणि बायका मुसमुसू लागल्या.

दिवस कलला तरी तो मेला नाही. लोक अवघडल्यासारखे एकेक करून घरी गेले. मुलाने बापाला परत ओसरीवर आणलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा हात केला, पुन्हा त्याला खळ्यावर नेलं, पुन्हा तुळस आणि पाणी झालं. तिसऱ्या वेळेला मुलगा कंटाळून म्हणाला, "आई, त्यांना कळत नाही ते काय करतायत. वैद्य बोललेत ना." त्यानंतर त्याने हात केला की बायको तो हळूच धरून पांघरुणाखाली ठेवायची.

त्याच वर्षी टोळधाड आली. उभी ज्वारी बघता बघता गेली, नुसते दांडे राहिले. गाव घाबरलं नाही. घरोघरच्या कर्त्यांनी पेवं उघडली. तोंड उघडून आतला कोंदट वारा जाऊ दिला, दिवा सोडून तो विझत नाही ना ते पाहिलं, आणि मग आत उतरून धान्य काढलं. चुली पेटत राहिल्या. खायचं वेगळं, पेरायचं वेगळं आणि म्हातारपणाचं वेगळं ठेवा, असं त्यांना ज्याने सांगितलं होतं, त्याच्या एकट्याच्या घरी काढायला काही नव्हतं.

मुलाने शोध सुरू केला. बांध उकरले, आंब्याची मुळं मोकळी केली, गोठ्याची जमीन खणून काढली. लोखंडी सळई ठोकत ठोकत सगळं शेत पालथं घातलं. शेवटी घाम पुसत तो ओसरीशी आला आणि म्हणाला, "सगळीकडे बघून झालं. खळंच तेवढं राहिलं."

जाणत्याने हात उचलला.

"खळ्याला हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "ते नेहमी सांगायचे. आधीच घरावर एवढं आलंय, आणखी लक्ष्मीला दुखवतोस? आणि जी जागा ते आपल्याला उकरू देत नव्हते, ती स्वतः कशी उकरतील?"

"तेही खरंच," मुलगा म्हणाला आणि त्याने पहार भिंतीला टेकवून ठेवली.

जाणत्याने हे ऐकलं. आपल्या तोंडाने घातलेलं कुलूप आपल्याच घराला लागलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याला ओरडताही आलं नाही. घशातून गुरगुर आली. सुनेला वाटलं तहान लागली. तिने पाणी पाजलं.

सुरुवातीला शेजारपाजार देत होता. ज्यांना त्याने शहाणं केलं होतं ती माणसं सूप भरून आणून देत. पण टोळांनी दुसरं पीकही खाल्लं, तेव्हा सूप अर्धं झालं आणि मग येईनासं झालं. त्यांनाही बोल लावता येत नाही. स्वतःचं राखून मग द्यावं, हे त्यांना त्यानेच शिकवलं होतं. पेरायचं धान्य संपलं, बैल विकले. मग मुलाने एक दिवस आईला सांगितलं, "सासुरवाडीकडे काम आहे. तिथं पोरांच्या पोटाला मिळेल. बाबांना घेऊन इतकं चालता येणार नाही." आई म्हणाली, "जा." ती दुसरं काय म्हणणार होती? नातवंडं वळून वळून बघत गेली. निघताना मुलगा बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, एवढं साठवलंत म्हणता. कुणासाठी हो?" तो रागाने बोलला नव्हता. राग असता तर जाणत्याला सोपं गेलं असतं.

मागे दोघंच राहिली. बायको लोकांच्या घरची दळणं दळू लागली. जात्यावर बसून बसून तिची कंबर वाकली. दळणाच्या बदल्यात मिळालेल्या मूठ-दोन मुठींची ती पेज करायची, आधी त्याला भरवायची आणि भांड्याला लागलेलं आपण निपटून खायची. तो तोंड मिटून घ्यायचा, म्हणजे तिला जास्त उरावं. तिला वाटायचं हट्ट करतोय. ती बोटाने त्याचे ओठ उघडायची.

शेवटी तिने घरासमोरचं खळं विकायला काढलं. मळणी करायला आता धान्यही नव्हतं आणि बैलही नव्हते. शेजाऱ्याला गोठा बांधायचा होता. त्याने बदल्यात चार पोती ज्वारी कबूल केली. भाव वाईट नव्हता, आणि माणूसही वाईट नव्हता.

त्या राज्यात जमीन देण्याची एक रीत होती. देणाऱ्याने जागेची ओंजळभर माती उचलून घेणाऱ्याच्या हातात द्यायची आणि पंचांसमोर म्हणायचं, "वरचं तुझं, खालचं तुझं." तेवढं बोललं की व्यवहार पक्का, राजाही तो फिरवू शकत नसे. बायको खळ्यावर उभी राहिली. पाटील आणि पंच बाजूला उभे होते. ओसरीवरून जाणता बघत होता. तिने वाकून माती उचलली, तसा त्याने हात आपटायला सुरुवात केली. खाटेच्या कडेच्या लाकडावर हात आपटून आपटून बोटांतून रक्त आलं.

"काकांना वाईट वाटतंय," शेजारी म्हणाला. "काकी, नको असेल तर राहू द्या."

"त्यांना सगळ्याचंच वाईट वाटतं," ती म्हणाली. "वरचं तुझं, खालचं तुझं." आणि तिने माती त्याच्या हातात दिली.

गोठ्याच्या खांबासाठी शेजाऱ्याने मेढ उपटली आणि त्याच खड्ड्यात पहार घातली. लक्ष्मीची भीती त्याला कुणी शिकवली नव्हती. पहार दगडावर वाजली आणि खालून पोकळ आवाज आला. त्याने माती ओढली, फरशी सरकवली, थोडा वेळ बाजूला उभा राहिला. मग दिवा सोडला. दिवा जळत राहिला, आणि त्याच्या उजेडात दिसली ती गळ्यापर्यंत भरलेली ज्वारी. कीड नाही, कुबट वास नाही. इतकं चांगलं भरलेलं पेव गावात कुणी पाहिलं नव्हतं. दोन जिवांना बसून खायला ती जन्मभर पुरली असती, आणि मुलाचं घरही तिने तारलं असतं.

बायको जात्यावरून उठून आली. पेवाच्या काठावर उभी राहून तिने आत पाहिलं. बातमी ऐकून पाटीलही आला.

पाटील खाली मान घालून म्हणाला, "काकी, तुम्ही पंचांसमोर बोललात. माझ्या हातात काही नाही." शेजाऱ्याला लाज वाटत होती. त्याने एक पोतं देऊ केलं. तेवढ्यात त्याचा मोठा मुलगा म्हणाला, "टोळ परत आले तर आपण काय खायचं? सगळ्यात आधी घरचं बघा, हे जाणतेकाकांनीच सांगितलंय ना?" मग शेजाऱ्याने पोतं ठेवून दिलं आणि सूपभर ज्वारी आणली. तिने पदर पुढे केला. त्याने ज्वारी पदरात घातली आणि तिच्याकडे न बघता तो निघून गेला.

तिने ती ज्वारी दळली, पेज केली आणि थाळी घेऊन ती जाणत्यापाशी येऊन बसली. तो हात का करायचा, जमीन का थापटायचा, हे आता तिला सगळं कळलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यावेळी ते कशाचं आहे, हे विचारायची गरज नव्हती. पण तिने ते पुसलं नाही.

"इतकी वर्षं तुम्ही ते चोरांपासून राखलंत," ती म्हणाली. "चोर कोण होतं हो? या घरात दुसरं कोण होतं? मीच होते."

तो काय बोलणार? बोलता येत होतं तेव्हाच तो बोलला नव्हता.

"मी चोर म्हणून नांदले," ती म्हणाली. "आणि मला ते आज कळलं." मग तिने बोटाने त्याचे ओठ उघडले आणि पेज भरवली.

जाणता त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. बायकोने त्याचं काही कमी पडू दिलं नाही. कूस बदलली, तेल लावलं, वेळच्या वेळी भरवलं. फक्त ती त्याच्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. शेजाऱ्यांकडे दळण द्यायला-घ्यायला गेली की बोलायची, त्यांच्या गाईशी बोलायची, मांजराशीसुद्धा बोलायची. ओसरीवर आली की गप्प. तो दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत पडून राहायचा.

लोक सांगतात, की त्या गावातल्या बायकांनी पुढच्या जत्रेला डोंगरावर जायचं नाकारलं, आणि तेव्हापासून पेव नवरा-बायको मिळून भरू लागले. तसं झालं असेल तर चांगलंच आहे. पण माझा फारसा विश्वास बसत नाही. कितीतरी घरांत मी पाहतो, अजून एकटा एकजण जाणता असतो आणि बाकीचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतात.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी साठवलं त्यांना ते कुठे आहे हे आपली जीभ चालते आहे तोवरच सांगून ठेवावं, नाहीतर साठवणाऱ्याचं घर आणि उधळणाऱ्याचं घर शेवटी सारखंच उपाशी राहतं.